सापळा आणि सचोटी

लाचखोराला पकडण्यासाठी सापळा रचला, ही बातमी आपण अनेकदा वाचतो आणि समाधानाने पान उलटतो. परंतु त्या एका शब्दात नैतिक प्रश्न दडलेला आहे. सापळ्यात बतावणी असते. मग बतावणीचा आधार घेऊन न्यायाची प्रतिष्ठापना करता येते काय?

महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची कार्यपद्धती पाहिली, तर उत्तराची दिशा सापडते. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी कोणी पैसे मागितले, अशी तक्रार आली, की प्रथम पंचांसमक्ष त्या मागणीची पडताळणी होते. संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते. मागणी खरी ठरल्यावरच नोटांचे क्रमांक पंचनाम्यात नोंदवून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. ती पूड लागलेली बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविली, की द्रावण गुलाबी होते. तरीही केवळ नोटा सापडणे पुरेसे नसते. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले.

या क्रमातच नीतीचे मर्म आहे. लोभ अधिकाऱ्याच्या मनात आधीच उपजलेला असतो. सापळा त्याला केवळ उजेडात आणतो. जेथे लोभ नाही तेथे तो पेरणे, ही गोष्ट मात्र अगदी वेगळी. कौटिल्याने अमात्यांना मुद्दाम प्रलोभने दाखवून पारखण्याचे 'उपधा' नावाचे उपाय सांगितले; परंतु निर्दोषाला बिघडविणे हे पाण्यात विष कालविण्यासारखे आहे, असा इशाराही त्यानेच दिला. १९५४ साली विंध्य प्रदेशचे मंत्री राहिलेले राव शिव बहादुर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली, पण त्याच निकालात पोलिसांनाही खडे बोल सुनावले. देणाऱ्याजवळ पैसे नसताना आणि ते उभे करण्याची त्याची ऐपत नसताना पोलिसांनीच लाचेची रक्कम पुरविणे न्यायालयाला अमान्य होते. गुन्हा शोधणे हे पोलिसांचे काम. तो घडवून आणणे नव्हे.

अर्थात सारी जबाबदारी पोलिसांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तक्रारदाराशिवाय सापळा उभाच राहत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याच्यावर सक्ती झाली, त्याने सात दिवसांच्या आत कळविले तर कायदा त्याला संरक्षण देतो; आधीच यंत्रणेला कळवून तिच्या मदतीसाठी रक्कम देणाराही दोषी ठरत नाही. तक्रारदार पुढे फितूर झाला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते, असे घटनापीठाने सांगितले आहे. पण तो फितूर का होतो, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. गावात त्याच कचेरीची पायरी त्याला पुन्हा चढायची असते. शेजारी त्याला 'उगाच भानगडीत पडला' म्हणतात. घरची माणसेही हळूहळू त्याला एकटे पाडतात.

वाचकहो, १०६४ हा निःशुल्क क्रमांक फिरविणे सोपे आहे. साक्षीच्या दिवसापर्यंत ताठ उभे राहणे कठीण आहे. प्रामाणिक मनुष्य धैर्यवान असेलच असे नाही, आणि त्याने एकट्याने धैर्य दाखवावे अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पोलीस लाचखोराला पकडू शकतात. परंतु तक्रारदाराला एकटे न सोडणे हे काम शेजाऱ्यांचे, नातलगांचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे. ते आपण केले नाही, तर सापळ्यातून सुटून जाणाऱ्याला आपणच वाट करून दिली असे होईल.