सव्वा मूठ गहू

जळगावात उन्हाळ्याची सुट्टी लागली की रिंगरोडपासून महाबळपर्यंत संस्कार शिबिरांचे फलक झळकतात. स्तोत्रं, योगासनं, बोधकथा, शेवटच्या दिवशी मातृपितृपूजन आणि घरी न्यायला प्रमाणपत्र. पालक हौसेनं पैसे भरतात. त्यांची काळजी खोटी नाही. पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं, आजी-आजोबा गावी, आपण कामावर. निदान कुणीतरी चार चांगल्या गोष्टी त्याच्या कानावर घालाव्यात, एवढीच अपेक्षा. यातल्या बऱ्याच आईबापांना त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेविषयी विचारलं तर मात्र ते गडबडतात. गुरुवारचा उपास चालू असतो, पण तो का धरलाय ते सांगता येत नाही. देव आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही आणि नाही म्हणायचा धीर होत नाही. माझीही गत तीच. देवघरासमोर हात सवयीनं जुळतात, मागणं काही सुचत नाही.

या घोळाची मला लाज वाटत नाही. मुलाला नीती शिकवायची तर बापाची श्रद्धा पक्की हवी, हे मला पटत नाही. देव घराबाहेर काढला की पोरं आपोआप विवेकी होतात, यावरही माझा विश्वास नाही. कुठलीही शिकवण बघताना मी एवढंच पाहतो, की उंबऱ्याबाहेरच्या माणसाला तिच्यात जागा कुठे आहे. आपल्या माणसांशी नीट वागायला जवळपास सगळीच घरं शिकवतात, आस्तिक काय आणि नास्तिक काय. खरी अडचण पुढे सुरू होते.

आमचं मूळ गाव धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नथ, कपाळाला मळवट, अंगावर नवी साडी. रात्रभर बायकांची गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. पण आमच्या घरात या सणाचा जीव आहे रोटात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू वेगळा काढायचा. आजी नावं घेत घेत मुठी टाकते. थोरला, मधला, सुरतचा, त्याचा पोरगा, परवाच्या चैत्रात जन्मलेला तान्हासुद्धा. मूठ भरताना गहू सांडू नये म्हणून खाली सूप धरलेलं असतं, आणि वरची ती पाव मूठ आजी चिमटीनं मोजून टाकते. दळण गिरणीत घालण्याआधी गिरणी स्वच्छ पुसून घेतात. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. वर्षभर बांधावरून कोर्टात भांडणारे दोन चुलतभाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘सामाजिक बंध’ म्हणून जे काही पानंच्या पानं लिहिलेलं असतं, ते इथे पितळी ताटात वाढलेलं दिसतं.

लग्न होऊन गेलेल्या लेकीला आमच्याकडे हा रोट चालत नाही. माझ्या मुलीनं सहा-सात वर्षांची असताना आत्याबद्दल आजीला विचारलं, ‘फुईले का बरं नही?’ आजी म्हणाली, ‘रीत शे ती, बेटा.’ पोरगी गप्प बसली असती तर प्रश्न मिटला असता. पण तिनं सुपाकडे बघितलं आणि विचारलं, माझी मूठ कुठली? तिच्या नावाची मूठ नव्हतीच. पुरुष मोजताना ती मोजली जात नाही, आणि पुढे कधीतरी ती फुई होणारच आहे. म्हणजे परकं कोण याची रेघ आमच्याच स्वयंपाकघरातून, पोरीच्या पाटाला लागून गेलेली. आणि हे शिकवायला कुणी शिबिर घेतलेलं नव्हतं. सूप, मूठ आणि आजीचा मायाळू आवाज एवढ्यावर ते पोरांच्या अंगात मुरतं. मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात. कुणाला वाढलं आणि कुणाला नाही, हे मात्र अचूक टिपतात.

आता याच धुळे जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागत फिरणं हीच त्यांची पिढीजात रीत. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. कोणे एके काळी भिक्षेकऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं हे पाप समजलं जाई. तोच जोगी एका दुपारी लेकरं चोरणारा ठरला. या घटनेवर बोलताना ‘समाजात नीतिमत्ता उरली नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते खरं वाटत नाही. गर्दीतल्या कित्येकांच्या डोक्यात तेव्हा लेकरांची काळजीच होती. त्यांच्याकडे नीती होती, ती आपल्या पाड्याच्या लेकरांपुरती होती. लेकराला ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ असं आपण रोज बजावतो आणि त्यात वावगं काहीच नाही. पण अनोळखी माणसाविषयी आपण पोरांना दुसरं काहीच सांगत नाही, ही गोष्ट मला जास्त घाबरवते.

या बाबतीत अमळनेरचा एक मास्तर मला कुठल्याही धर्मपंडितापेक्षा जवळचा वाटतो. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, कोकणातल्या पालगडचे. श्रीमंत प्रताप शेठजींनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, तिथे ते वेदान्ताच्या अभ्यासासाठी आले. ब्रह्म, माया, मोक्ष यांवर चर्चा करत आयुष्य घालवण्याची सोय होती. ते तिथे रमले नाहीत. १९२४ साली ते शाळेत मास्तर झाले, पुढे छात्रालय सांभाळू लागले. मुलं शाळेत गेली की हा संस्कृत-मराठीचा एम. ए. त्यांच्या खोल्या झाडायचा, विस्कटलेली अंथरुणं घड्या घालून ठेवायचा, आजारी पोराच्या उशाशी बसायचा. ‘स्वच्छता राखा’ असा फलक त्यांनी लावला असता तर तो आज कुणाला आठवलाही नसता. पोरांना हळूहळू लाज वाटू लागली आणि ती खोल्या आवरू लागली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. १९३० साली शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. अमळनेरची मास्तरकी उणीपुरी सहा वर्षांची, पण खानदेश त्यांना अजूनही आपल्याच घरचं माणूस मानतो.

‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढलं. संस्कारांचं पुस्तक म्हणून ते वाढदिवसाला भेट दिलं जातं आणि मऊ डोळ्यांनी वाचलं जातं. त्यातला एक प्रसंग मात्र मऊ नाही. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडलेली असते आणि स्पर्शाच्या भयानं कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण बाईनं एवढं करणं ही मोठी धिटाई. तरी आंघोळ आहेच. आईच्या नीतीची वेस तिथे संपते. पुस्तकावर टीका करणारे या आंघोळीवर बोट ठेवतात आणि भक्त ती झाकून नेतात. मला दोघांचीही घाई कळत नाही. आईनं मुलाला जिथपर्यंत नेता आलं तिथपर्यंत नेलं, आणि पुढच्या वाटेवर मुलगा आईची आंघोळ मागे टाकून गेला. १९४७ च्या १ मे रोजी पंढरपुरात त्यांनी विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण सुरू केलं. आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवण्याचा उद्योग झालाच होता. बडव्यांचा विरोध होता. खुद्द गांधीजींनी तार करून उपोषण थांबवायला सांगितलं. ज्यांना गुरू मानलं त्यांचंही त्यांनी ऐकलं नाही. दहाव्या दिवशी, मंदिर खुलं करण्याचं ठरल्यावरच, उपोषण सुटलं. ज्याला देव नको होता तो माणूस असं उपोषण करणार नाही, आणि देव फक्त आपला वाटणारा तर नाहीच नाही.

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी तिथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. ती उतरवून घेणारे पुन्हा साने गुरुजीच. विनोबांच्या मराठी गीतेचं, ‘गीताई’चं, मूळही एका घरातल्या संवादात आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठी भाषांतरं जड जात होती. तेव्हा तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. लेकरानं आईला धर्म समजावून सांगावा, हा उलटा प्रवास आपण संस्कारांच्या चर्चेत धरतच नाही. आमच्याकडे आजीला प्रश्न विचारणारी नात आगाऊ ठरते.

नीती शिकवण्याचं हे काम शाळांनी करावं का? सरकारच्या पूर्ण खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असं घटनेचं २८ वं कलम सांगतं, आणि ते योग्यच आहे. मग उरतो परिपाठ आणि मूल्यशिक्षण. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणापासून सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोनापर्यंत दहा मूल्यं पोरांना तोंडपाठ असतात. आमच्या जळगावच्या गांधी तीर्थातर्फे विद्यार्थ्यांसाठी गांधी विचार संस्कार परीक्षा घेतली जाते. हेतू चांगला, पुस्तकंही चांगली. पण सत्याग्रहाला मार्क पडू लागले की पोरं मार्कांसाठी काय काय करतात, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

माझा भर घरावर आणि रस्त्यावर आहे. दरवर्षी कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून रामाचा रथ निघतो. गल्लीच्या वळणावर चाकाखाली लाकडी मोगरी घालून तो अवजड रथ वळवतात. त्या मोगरीवाल्यांचं कसब बघायलाच निम्मं गाव येतं. रथ भिलपुऱ्यात पोचला की थांबतो आणि लालशा बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढते. रथोत्सव सुरू करणारे अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांचा स्नेह होता, म्हणून ही रीत. रीत म्हणजे रीतच, रोटाइतकीच जुनाट आणि तितकीच बिनतक्रार पाळली जाणारी. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर ते थांबणं बघतं. त्याला सहिष्णुता हा शब्द येत नसतो.

म्हणून रीती मोडून काढा असं मी म्हणत नाही; कुठल्या रीतीत कुणाला जागा आहे ते पोरांसमोर मोकळेपणी बोलावं आणि पटत नसेल तर पोरांदेखतच बदलावं. श्रावणात मी आमच्या थोरल्या काकांपुढे विषय काढला. पोरींच्या नावाचीही मूठ घ्यावी आणि फुईलाही रोट द्यावा. काका चिडले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले, ‘मोडायची तर मोड रीत. पण मोडल्यावर एवढी भाऊबंदकी एका पंगतीला बसवून दाखव.’ याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, कारण ते खरंच आहे. कोर्टातले ते दोन चुलतभाऊ माझ्या समानतेच्या भाषणानं जेवायला येणार नाहीत. आजी मात्र मध्येच म्हणाली, मुठी वाढल्या तर पीठ वाढंल, अजून एक सूप लागंल. सध्या फोनवर सुरतकरांची मतं घेणं चालू आहे. दोघं तयार आहेत, एकानं बायकोला विचारून सांगतो म्हटलंय, आणि धुळ्याच्या चुलत्यांनी अजून फोन उचललेला नाही.