रक्षणाची मर्यादा

प्रेमाचे दोन प्रकार व्यवहारात आढळतात. एक प्रेम हात धरून चालावयास शिकविते. दुसरे खांद्यावर उचलून घेते आणि खाली उतरू देत नाही. सामान्य बालकाच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा दोष लवकर ध्यानात येतो, कारण बालक आपणच धडपडून खाली उतरते. परंतु ज्या अपत्याची बुद्धी सावकाश चालते, त्याच्या बाबतीत तोच दोष जन्मभर गुण म्हणून मिरवतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मुळात हाच आहे.

इंग्रज वैद्य जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले आणि १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी तिचे कारण प्रसिद्ध केले. मनुष्याच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. येथे एकविसाव्या गुणसूत्राची बहुधा एक प्रत अधिक असते. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या घरात गेले आहे. म्हणजे पूर्वी जे अपत्य बहुधा आईबापांच्या डोळ्यांदेखत जाई, ते आता त्यांच्या पश्चात राहणार. 'आमच्यामागे याचे काय?' हा उद्गार याच बदलातून निघाला आहे.

येथे पूर्वपक्ष असा : ज्याला हिताहित कळत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेणे हीच दया होय. पैसा हाती दिला तर कोणी लुबाडील. एकटे सोडले तर वाट चुकेल. ही भीती खोटी नाही. तथापि या युक्तिवादात दोन दोष आहेत.

पहिला दोष असा की, 'कळत नाही' हे बहुधा परीक्षा न करताच गृहीत धरलेले असते. या व्यक्तींची समज त्यांच्या वाणीहून पुष्कळदा पुढे असते. प्रश्न विचारल्यावर उत्तर जुळविण्यास त्यांना वेळ लागतो आणि तेवढ्यात शेजारी बसलेला आप्त उत्तर देऊन मोकळा होतो. असे वीस वर्षे घडले की बोलण्याची इच्छाच मावळते, आणि मग त्या मौनालाच अक्षमतेचा पुरावा मानण्यात येते! ऐकण्यापेक्षा पाहून शिकणे त्यांना सुलभ जाते. म्हणून चित्रांच्या साहाय्याने स्वयंपाकाची कृती, बसचा मार्ग, औषधाची वेळ अशा गोष्टी क्रमाक्रमाने शिकविता येतात.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. साहाय्य घेऊन केलेला निर्णय हा त्या व्यक्तीचा निर्णय नव्हे, असे त्यात मानलेले आहे. तसे असेल तर मंत्र्यांचा सल्ला घेणारा राजा किंवा वैद्याला विचारणारा रोगी यांचाही निर्णय त्यांचा राहणार नाही. अर्जुनाने तर आपली बुद्धी मोहित झाली असल्याचे स्वमुखाने कबूल केले होते. तरीही अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, भगवंतांनी पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक त्यालाच दिली. उपदेष्ट्याने बुद्धीला साहाय्य केले, तिची जागा घेतली नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१३ साली हाच प्रश्न न्यायालयापुढे आला. डाऊन सिंड्रोम असलेली एक २९ वर्षांची स्त्री जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करीत असे. आपल्या इच्छेविरुद्ध संस्थेत राहण्यापेक्षा ज्या स्नेह्यांवर तिचा विश्वास होता त्यांच्या घरी राहावे, एवढीच तिची मागणी होती. न्यायालयाने तिच्या पसंतीस मान दिला. त्याच स्नेह्यांकडे पालकत्व सोपविले, पण केवळ एका वर्षापुरते. त्यानंतर तिने साहाय्य घेऊन आपले निर्णय आपण करावेत, असा मार्ग दाखविला.

भारतातही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने याच दिशेने पाऊल टाकले. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे : ते विशिष्ट निर्णयापुरते व विशिष्ट काळापुरते असावे, परस्पर विश्वासावर चालावे आणि त्या व्यक्तीच्या इच्छेस अनुसरून असावे.

मग धोक्याचे काय? रॉबर्ट पर्स्की या अमेरिकन लेखकाने १९७२ साली धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, असे प्रतिपादन केले. याचा अर्थ निष्काळजीपणा नव्हे. आधी थोडी रक्कम हाती द्यावी, हिशेब चुकल्यास तो बरोबर बसून पाहावा, आणि मग रक्कम वाढवावी. चाळिशीनंतर या व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो. तेव्हा साहाय्य वाढवावे लागेल. साहाय्याचे प्रमाण बदलेल, परंतु विचारल्यावाचून ठरवू नये, हा नियम बदलण्याचे कारण नाही.

'आमच्यामागे याचे काय?' या प्रश्नाचे उत्तर केवळ ठेवलेल्या पैशाने मिळत नाही. विश्वासाची चार माणसे, अंगवळणी पडलेले एखादे काम आणि 'मला हे नको' असे म्हणण्याची सवय, ही ठेव आईबापांनी आपल्या हयातीतच जमवावयाची असते. ज्या घरात त्या अपत्याचा नकार एकदाही ऐकला गेला नाही, त्या घराबाहेर तो कोण ऐकणार?