नदीकाठाने चालणारी बहीण



पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये एका आईची हकीकत आली आहे. फिरऔनच्या राज्यात बनी इस्राईलच्या नवजात मुलांची कत्तल चालू होती. अशा वेळी मूसा (अ.) यांच्या मातेला अल्लाहने सुचविले की जिवाची भीती वाटू लागली तर बाळाला नदीत सोडावे. ते सुखरूप परत येईल, असे वचनही अल्लाहने तिला दिले. याहून भक्कम वचन कोणते असू शकेल? तरीही त्या मातेने बाळाला पाण्यावर सोडल्यावर आपल्या मुलीला त्याच्या मागावर पाठविले. ती मुलगी कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने दुरून बाळावर नजर ठेवून होती. पुढे राजवाड्यात बाळ कोणाही दाईचे दूध घेईना, तेव्हा याच बहिणीने एका घराचे नाव सुचविले आणि बाळ पुन्हा आईच्या कुशीत आले.

अल्लाहचे वचन पूर्ण झाले, आणि ते पूर्ण होण्याचे साधन ठरली ती जागती नजर. आईचा विश्वास कमी पडला म्हणून तिने मुलीला पाठविले, असे कुरआनने कुठेही म्हटलेले नाही. तवक्कुल आणि दक्षता एकाच हृदयात एकत्र नांदतात, हाच या प्रसंगाचा धडा आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. तिरमिजीच्या हदीस-संग्रहातील ही शिकवण आपण व्यापारात पाळतो, शेतीत पाळतो. मुलांच्या बाबतीत ती पाळतो का?

हा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. निमगाव केतकी हे गाव पानमळ्यांसाठी आणि डाळिंबासाठी ओळखले जाते. पानवेलीला पाणी नियमित लागते, उसालाही लागते. म्हणून इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात घराच्या अंगणापासून शिवारापर्यंत पाणी साठविलेले असते : न्हाणीघरातील बादली, दारातील हौद, मळ्यातील विहीर, प्लास्टिक अंथरलेले शेततळे, नीरा डावा कालवा आणि तालुक्याच्या कडेने पसरलेला उजनीचा जलाशय. अल्लाहने प्रत्येक सजीव पाण्यापासून निर्माण केला, हे कुरआनचे वचन या भूमीत डोळ्यांना दिसते. पण ज्या पाण्यावर आपली रोजी आहे, तेच पाणी दोन वर्षांच्या मुलाला काही क्षणांत गिळू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालील होती. आपल्या तालुक्याला हे दुःख नवीन नाही. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन चिमुकली मुले होती. एक जण पोहत काठाला लागला.

अशा वेळी आपल्या तोंडून सहज शब्द निघतात : ‘तकदीर होती.’ तकदीरवर आपली श्रद्धा आहेच. बुडून मरण पावणाऱ्या श्रद्धावंताला शहीदाचा दर्जा मिळतो, हेही हदीसमध्ये आले आहे. ज्या मातापित्यांवर असा आघात झाला, त्यांच्यासाठी तो मोठा दिलासा आहे. त्यांना बोल लावणे आपले काम नाही. मात्र ज्यांची मुले आज घरात खेळत आहेत, त्यांनी या दिलाशाला निष्काळजीपणाची ढाल करू नये. हजरत उमर (र.) शामच्या प्रवासात असताना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे विचारले गेले. अल्लाहच्या एका तकदीरकडून आपण त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल तर उंट कुठे चाराल, असा दाखलाही त्यांनी दिला. विहिरीला कठडा बांधणे हीसुद्धा अशीच तकदीर आहे.

मग करावे काय? आरंभ घरापासून करा. रात्री भांडी झाकून ठेवावीत, मशकांची तोंडे बांधावीत आणि सांज होताच मुलांना घरात घ्यावे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. भांडे झाकण्याची ही सुन्नत दिवसाही उपयोगी आहे. रांगत्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकले की ते तोल जाऊन आत पडते आणि त्याला उठता येत नाही. वीतभर पाणीही त्याला पुरेसे घातक असते. म्हणून वापर झाला की बादली पालथी घाला, पिंपाला आणि हौदाला घट्ट झाकण बसवा, न्हाणीघराला वरची कडी लावा.

मळ्यात विहिरीला कठडा आणि जाळी हवी. शेततळ्याला चहूबाजूंनी कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक हवे. त्याचे प्लास्टिक ओले झाले की इतके निसरडे होते की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. यासाठी काठावर भक्कम खुंट्या रोवून त्यांना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत. मशिदीतील वुजूचा हौजही विसरू नका. जुम्याला वडिलांचे बोट धरून येणारी मुले तिथेच रेंगाळतात.

पाण्याची भीती घालणे हा मात्र उपाय नव्हे. पाण्याची ओळख करून द्यावी. तान्ह्या बाळाला कोमट पाण्याने हळूहळू, बोलत बोलत न्हाऊ घाला. थोडे मोठे झाले की ते आपल्याकडे पाहून वुजू करू लागते. चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, चेहऱ्यावर पाण्याचा ओंजळभर स्पर्श सोसणे, हे त्याचे पहिले जलशिक्षणच आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला पोहण्याचे धडे दिल्याने बुडण्याचा धोका कमी होतो, असा पुरावा नाही. वर्षानंतर मूल तयार असेल तर आईवडिलांच्या हातात राहून त्याने पाण्यात उतरावे, श्वास सोडण्याचा आणि तरंगण्याचा सराव करावा. त्याला बळेच बुडवू नये. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुले नीट पोहायला शिकू शकतात. तोवर, आणि त्यानंतरही, मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हातात मोबाईल नसावा. हवा भरलेली खेळणी जीव वाचवत नाहीत.

इब्न सअद यांच्या ‘तबकात’मध्ये अशी नोंद आहे की प्रेषित (स.) सहा वर्षांचे असताना माता आमिना यांच्यासोबत यसरिबला गेले होते आणि तेथे बनू अदी बिन नज्जार यांच्या विहिरीत पोहायला शिकले होते. मदिनेत आल्यावर त्यांनी ती आठवण सांगितली. आपल्याकडेही पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकविण्याची रीत आहे. ती टिकवावी, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

आणि मुलींचे काय? मूसा (अ.) यांचे रक्षण करणारी मुलगीच होती. आपल्या घरी लहान भावंडांना सांभाळणारी बहुधा मोठी बहीण किंवा आईच असते. त्यांना पोहता येत नसेल तर बाळाच्या मागे पाण्यात उडी घेणारी आईही बुडते. स्त्रियांसाठी वेगळी वेळ, आडोसा आणि स्त्री शिक्षिका यांची सोय करून लज्जेची मर्यादा राखता येते. ती सोय उभी करणे ही जमाअतची जबाबदारी आहे. बांगलादेशात आया कामात गुंतलेल्या असतात त्या वेळी, सकाळी 9 ते दुपारी 1, गावातीलच एक स्त्री लहान मुलांना सांभाळते, अशी ‘आँचल’ नावाची केंद्रे चालतात. जरा मोठ्या मुलांना गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून पोहायला शिकवितात. ऊसतोडणी आणि पाने खुडण्याच्या दिवसांत आपल्याही वस्त्यांना असे करता येईल.

कोणी बुडताना दिसले तर आरडाओरडा करून माणसे जमवा. दोर, ओढणी, रिकामा कॅन फेका. पोहता येत नसेल तर उडी घेऊ नका. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने पाच वेळा श्वास द्या, मग छाती दाबण्याची क्रिया आणि श्वास आलटून-पालटून चालू ठेवा आणि 108 वर फोन करायला दुसऱ्याला सांगा. ही क्रिया प्रत्येक घरातील एकाने तरी आरोग्य केंद्रात शिकून घ्यावी. एक जीव वाचविणे म्हणजे जणू अवघ्या मानवजातीला वाचविणे, असे कुरआनने ठरविले आहे. तिथे जात-धर्माची अट नाही. शेजाऱ्याची उघडी विहीर ही आपलीही काळजी आहे.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की आपणांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीबद्दल विचारले जाईल. मूल ही अल्लाहची अमानत आहे. आज मगरिबपूर्वी आपल्या अंगणातून आणि मळ्यातून एक फेरी मारा. कोणती बादली भरलेली आहे, कोणता हौद उघडा आहे, कोणत्या शेततळ्याला दोर नाही, ते पाहा आणि उद्यावर टाकू नका.

हे अल्लाह, आमच्या लेकरांचे रक्षण कर, ज्यांची लेकरे पाण्याने नेली त्यांना सब्र दे, आणि आमचे डोळे जागे ठेव. आमीन.