काटकसर कोणाच्या ताटातून?



महागाईत घर चालवणाऱ्यांना काटकसर शिकवायला नको. मोसमातली भाजी घ्यावी, मुळ्याचा पाला टाकू नये, हे आपल्या आयांनीच दाखवले. मूठभर मुगाला मोड आणले की ते दुपटीहून अधिक होतात, शिवाय कोरड्या मुगात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व त्यांत येते. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला सुका जवळा तर गरिबाघरचे कॅल्शियमच!

प्रश्न आहे तो संध्याकाळच्या बाजाराचा. अंधार पडू लागला की भाजीवाली स्वतःच भाव उतरवते, कारण मेथी उद्यापर्यंत टिकत नाही. त्या भावाने घेण्यात काही गैर नाही. पण तिला घरी जायची घाई आहे हे ओळखून आपण आणखी 5 रुपये पाडून मागतो, ती बचत कोणाच्या ताटातून येते? आपल्या धर्मग्रामातही वाडीतली भाजी विकणाऱ्या बाया आहेत. मीही असे मागितले आहे. आणि लगेच पुढच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली किंमत मुकाट्याने दिली आहे. किंमत तीच ठेवून वजन कमी केले होते, तेही पाहिले नाही.

आता पुड्यावरचे वजन आधी वाचतो. मेथीची जुडी ती सांगेल त्या भावाने घेतो. परवडत नसेल तर पुढे जातो.