अर्ध्या तासाची मजुरी

गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं तेव्हा निकालही सोबत आणतं. "मिस्त्री, स्टिरिओ बसवला आणि तेव्हापासून बॅटरी उतरायला लागली. त्या दुकानवाल्यानं वायरिंगची वाट लावली." दसऱ्याला बेस मॉडेल घ्यायचं आणि वाचलेल्या पैशात बाहेरून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ, मागचा कॅमेरा बसवून घ्यायचा, ही आमच्या कोल्हापुरात आता रीतच झाली आहे. दिवाळी सरली की अशा गाड्या दारात लागतात. मी ऐकून घेतो आणि मान हलवतो. ही मान मी नेमकी कशाला हलवतो, हे अलीकडे स्वतःला विचारू लागलो आहे.

पुष्कळदा गिऱ्हाइकाचं खरंही असतं. स्टिरिओच्या मागचा सगळा खेळ पिवळ्या आणि लाल वायरीचा. पिवळी थेट बॅटरीची, चोवीस तास चालू. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल वायर किल्लीची. किल्ली फिरवली की तिच्यात सप्लाय यावा, काढली की जावा. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या कपलरपर्यंत अशी किल्लीची वायर येतच नाही. किल्ली फिरल्याचा निरोप कॅनच्या, म्हणजे गाडीतले छोटे संगणक आपसात बोलतात त्या, वायरींवरून सांकेतिक रूपात येतो. तो वाचणारी डबी जवळ नसली, किंवा घाई असली, की बसवणारा लाल आणि पिवळी एकत्र पिळतो आणि वर टेप मारतो. गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश. रात्री बटण दाबून पडदा काळा केला तरी आतलं यंत्र जागंच राहतं. त्यानं नुसता अर्धा अँपिअर ओढला तरी दिवसाला १२ अँपिअर-आवर गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते जेमतेम ३५ची. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ उचलत नाही, त्यात नवल काय?

पण स्टिरिओनंतर बिघाड झाला म्हणजे तो स्टिरिओमुळेच झाला, असं नसतं. बॅटरी चार वर्षांची असते. डिकीतला दिवा झाकण लावलं तरी विझत नसतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, तिथं अल्टरनेटर पट्टा ढिला पडल्यामुळे तेरालाच रेंगाळत असतो. किंवा नव्या स्टिरिओच्या कौतुकापायी मालकच इंजिन बंद करून तासभर गाणी ऐकत बसलेला असतो. दोष कुठंही असू शकतो, आणि मीटर लावेपर्यंत तो मलाही ठाऊक नसतो. तरीही मान आधीच हललेली असते.

मी खोटं बोलत नाही, ही माझी स्वतःबद्दलची आवडती समजूत. तपासली तर ती खरीही निघते, आणि गोम तिथंच आहे. स्टिरिओ झोपेत २० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे त्याचं काही चुकलेलं नाही, बॅटरीच संपली आहे, हे मीटरनं दाखवलं की मी म्हणतो, "बॅटरी बदलावी लागेल." शब्द न् शब्द खरा. पण "स्टिरिओवाल्याचा यात दोष नाही" हे पुढचं वाक्य कुणी विचारल्याशिवाय तोंडातून निघत नाही. गिऱ्हाईक स्टिरिओनं बॅटरी खाल्ली हीच समजूत घेऊन परत जातं. दुसऱ्यानं बिघडवलेलं मी सावरलं, असा माझा लौकिक वाढतो. न उच्चारलेल्या एका वाक्याचे पैसे बिलात दिसत नाहीत, एवढंच.

दुसरी गोष्ट वेळेची. करंट कुठं गळतोय ते शोधायचं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मीटर मधे, सिरीजमध्ये लावायचा. दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं दाबून ठेवायची, म्हणजे दार बंद आहे असं गाडीला वाटतं. किल्ली लांब न्यायची. सुरुवातीला आकडा अँपिअरमध्ये असतो. मग गाडीतले छोटे संगणक एकेक करून झोपी जातात आणि आकडा पायरी पायरीनं उतरतो. ५० मिलिअँपिअरच्या आत आला की गाडी निर्दोष. त्याला वीस मिनिटं, अर्धा तास, काही गाड्यांना त्याहून जास्त लागतो. मधेच कुणी दार उघडलं की सगळं पहिल्यापासून. फ्यूज उपसून बघायची घाई केली तरी तेच. झोपलेला संगणक परत जागा होऊ शकतो. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजायचे. जिथं आकडा दिसतो, त्या वाटेनं करंट जातोय.

हा अर्धा तास बाहेरून बघणाऱ्याला मी काहीच करत नाही असा दिसतो. हात मळलेले नाहीत, पाना हातात नाही, मिस्त्री चहा पितोय. मग दोन वायरी सोडवून, झाळून, श्रिंक ट्यूब चढवून दिली की काम संपतं, आणि गिऱ्हाईक विचारतं, "एवढ्याचे एवढे?" दारात चार गाड्या उभ्या असल्या की मला हा अर्धा तास कापून टाकावासा वाटतो. अंदाजानं स्टिरिओचा कपलर काढून ठेवा, दोन दिवस बघा, असं सांगितलं की गिऱ्हाइकालाही काहीतरी झाल्यासारखं वाटतं. माझ्या प्रामाणिकपणाची परीक्षा पैसे मोजताना होत नाही, या अर्ध्या तासात होते. त्या वेळी मला कुणी काही विचारत नाही, आणि मी थांबलो नाही तरी कुणाला कळणार नाही.

फ्यूजबाबत मात्र मी ठाम आहे, आणि त्याचं श्रेय घ्यायलाही हरकत नाही. १० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणी तिथं तीसचा लावतो, कुणी तांब्याची तार गुंडाळतो. फ्यूज स्टिरिओला नव्हे, वायरीला वाचवतो. मोठा फ्यूज टिकतो, मग आतली बारीक वायर तापून वितळते. "जाऊ दे दादा, मोठाच टाका, मला पुण्याला जायचंय," म्हणणाऱ्याला मी नकार देतो. तसंच डॅशखालच्या पिवळ्या कपलरांचं. ते एअरबॅगचे, त्यांना टेस्ट लॅम्पचं टोक लावायचं नाही, हे हाताखालच्या पोराला पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. जीव जाण्यासारखी गोष्ट असली की माझं मन स्वच्छ चालतं. ते वाकतं छोट्या, कुणाचं नुकसान होणार नाही असं वाटणाऱ्या जागी.

इंजिनाबरोबर वाढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते, त्या तक्रारीचंही तसंच. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं १९३० साली मोटारीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हापासून इंजिनाच्या विजेची खरखर आणि रेडिओ यांचं भांडण आहे. आज बहुतेक वेळा अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसलेला असतो. रंग खरवडून, पत्रा उघडा करून कसला की शिट्टी बंद. एवढ्याचे किती घ्यायचे हे मला कधीच नीट ठरवता आलेलं नाही.

आणि तो स्टिरिओवाला. एका दुकानातून बसवलेल्या गाड्यांत तीच पिळलेली जोडी, तोच ढिला टेप, उन्हात चिकट होऊन सरकलेला. त्याची ती सवय माझी मिळकत होती. जाऊन सांगितलं तर त्या गाड्या येणं थांबेल, हा विचार मनात नव्हता असं म्हणवत नाही. अखेर गेलो. पोरगा सीटखाली डोकं घालून पाठीवर पडला होता. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "काका, डबीचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. त्याला आजच, आणि स्वस्तात पाहिजे असतं."

त्याचं पटलं. कारण त्याच्याकडं डबीवरून घासाघीस करणारा माणूस माझ्याकडं अर्ध्या तासावरून घासाघीस करतो, आणि दोन्हीकडं तोच फसवला गेलेला असतो. गाडी घेऊन आल्यावर तो त्या पोराला शिव्या घालतो. तेव्हा, "साहेब, डबी नको असं तुम्हीच म्हणाला होता का?" एवढं मला विचारता येईल. पण अजून एकदाही विचारलेलं नाही. मी त्याला भीड म्हणतो. ती भीड आहे की गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती, हे शोधायचं काम अजून बाकी आहे.