सदूचं वय

डेटाबेसमधलं एक छोटं टेबल डोळ्यांसमोर आणा. रकाने दोनच, नाव आणि वय. मीना ३२, अशोक ४५. तिसरी ओळ सदूची, आणि त्याच्या वयाच्या जागी नल, म्हणजे माहिती नसल्याची खूण. घाई नको. नजर त्या ओळीवरच राहू द्या.

तिथे शून्य नाही. सदूला वय आहे, फक्त ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

आता मागा : ज्यांचं वय ३० आहे किंवा ३० नाही, अशी सगळी माणसं. मीना येते, अशोक येतो. सदू येत नाही. वय काहीही असलं तरी तो यात बसणारच होता, तरी बाहेर राहिला. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेच्या लेखी दोन्ही तुलना ‘अज्ञात’, अज्ञात किंवा अज्ञात म्हणजे अज्ञातच, आणि जे खरं ठरेल तेवढंच उत्तरात येतं. खरं, खोटं आणि अज्ञात असा हा तीन पदरी हिशेब संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७९ च्या लेखात मांडला होता. सगळं नियमाला धरून, आणि उत्तर चूक! डेटाबेसचे अभ्यासक क्रिस डेट तर नल नकोतच म्हणत आले. मला ते अर्धंच पटतं; नल काढला म्हणून सदूचं वय कळत नाही.

जरा थांबा. टेबल एकच आहे असं समजू नका. एकात सदू १९ वर्षांचा, एकात ३०, एकात ७१. जितकी वयं शक्य, तितकी टेबलं. प्रश्न प्रत्येकाला विचारा आणि प्रत्येकात जे येईल तेवढंच हाती ठेवा. सदू सगळीकडे येतो. याला निश्चित उत्तर म्हणतात. टोमाश इमिएलिन्स्की आणि विटोल्ड लिप्स्की यांनी १९८४ मध्ये अपुऱ्या माहितीचा विचार असाच केला. त्यांनी अज्ञातांना नावंही दिली. सदू आणि त्याची बहीण, दोघांचं गाव ठाऊक नाही, पण एकच आहे. मग दोन्हीकडे ‘क्ष’ लिहा. साध्या नलमध्ये हे एकपण हरवतं.

आता सदूच्या वयाच्या टेबलावर एक व्ह्यू, म्हणजे त्याच्याकडे पाहायची एक खिडकी, ठेवा, फक्त नावांची. त्यातून रखमाची ओळ घाला. व्ह्यूला वय ठाऊकच नाही, म्हणून खालच्या टेबलात नल पडतो (रकान्याला तो चालत असेल तर). म्हणजे ही उणीव व्ह्यूनेच निर्माण केली.

आणखी एक व्ह्यू पाहा. एका टेबलात कर्मचारी आणि विभाग, दुसऱ्यात विभाग आणि प्रमुख. व्ह्यूत कर्मचारी आणि प्रमुख. त्यातून ‘सदू, विमल’ ही ओळ पुसा. सदूला विभागातून काढायचं, की विमलला प्रमुखपदावरून? दोन्हींनी ती ओळ जाते. या प्रश्नाशी थोडं रेंगाळा. व्ह्यूसमोर उभं राहणं म्हणजे पुन्हा त्याच अनेक टेबलांसमोर उभं राहणं. कुठलं खरं, हे व्ह्यू सांगत नाही. माझ्या मते ही निवड यंत्राने गुपचूप करू नये, माणसाला विचारावी.

शेवटी एक विनंती. ‘या यादीत नसलेले’ असं मागणाऱ्या ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरला, रखमाच्या वयासारखा, तर क्वेरी एकही ओळ देत नाही आणि कुरकुरही करत नाही. अशी क्वेरी लिहिण्याआधी, ज्या रकान्यातून ती यादी येते तो नल घेतो का, तेवढं बघून घ्या.