दोघांपुरते

“फादर, दोन म्हाताऱ्या माणसांसाठी एवढा खटाटोप करणे हे पाप तर नव्हे ना?” हा प्रश्न मला एका स्वयंपाकघरात विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ ८४ वर्षांचे होते; कमरेला फडके बांधलेले, दोन्ही हात पिठाने माखलेले. प्रश्नात निम्मी थट्टा होती, म्हणून मीही तो थट्टेवारी नेला. “पाप की पुण्य, ते चाखल्याशिवाय कसे सांगणार?” असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. उरलेला निम्मा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे रात्री खोलीवर परतल्यावर माझ्या ध्यानात आले. त्या सज्जनाला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका लहानशा गावी मी सहा आठवडे होतो. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी मिस्सा अर्पण करणे, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देणे ही कामे माझ्याकडे होती. जॉर्जिया हा पीच फळांचा मुलूख. मोटारींच्या नंबरपाटीवरसुद्धा तेथे पीचचे चित्र असते. परंतु त्या वर्षी हिवाळा उबदार गेला, झाडे वेळेआधी फुलली आणि मार्च महिन्यातल्या हिमाने तो सारा बहर जाळून टाकला. राज्यातील ९० टक्क्यांहून अधिक पीक हातचे गेले. अशा दिवसांत शेजाऱ्याने आपल्या परसातल्या झाडाची मोजकी फळे या गृहस्थांना आणून दिली होती आणि ते आपल्या पत्नीसाठी त्यांचा कॉबलर करीत होते.

कॉबलर हा केक नव्हे. खोलगट भांड्यात साखर आणि लिंबाचा रस लावलेल्या फळांच्या फोडी घालायच्या, त्यांवर मऊसर पिठाचे गोळे चमच्याने टाकायचे आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. गोळे फुगून एकमेकांना टेकतात, खालचा रस उकळत उकळत त्यांच्या फटींतून वर येतो आणि वरची बाजू दगडगोट्यांच्या जुन्या रस्त्यासारखी दिसू लागते. लाटणे नाही, साचा नाही, नक्षी नाही. नव्या मुलखात वस्तीला आलेल्या लोकांपाशी भट्टी नसे. ते जाड लोखंडी भांडे निखाऱ्यांवर ठेवीत आणि झाकणावरही निखारे पसरीत. हे ऐकताना मला माझी आई आठवली. नाताळच्या आदल्या आठवड्यात पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे आणि आम्हां मुलांना चुलीपासून चार हात दूर राहण्याची सक्त ताकीद.

ओट्यावर पत्नीच्या हस्ताक्षरातले कृतीचे कार्ड उघडे होते. नऊ इंच रुंद आणि तेरा इंच लांब थाळ्याची, बारा माणसांची ती कृती. सात मुलांच्या त्या घरात रविवारच्या मिस्सेनंतर तो थाळा निघे आणि दुपारपर्यंत रिकामा होई. मुले आता टेक्सासपासून ओरेगॉनपर्यंत पांगली आहेत. पत्नीला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात निकामी झाला आणि बोलणे चार-दोन शब्दांवर आले. तेव्हा वयाच्या ८० व्या वर्षी या गृहस्थांनी प्रथमच पिठाला हात लावला. पहिल्या खेपेस त्यांनी कार्डावरच्या प्रत्येक आकड्याला चाराने भागले. बारा पीचऐवजी तीन, दोन कप मैद्याऐवजी अर्धा कप, त्याच हिशेबाने लोणी, बेकिंग पावडर आणि ताक. आणि पाऊण तासाऐवजी अकरा मिनिटे! साहजिकच वरचे पीठ कच्चे राहिले. हे सांगताना ते खदखदून हसले. चाकाच्या खुर्चीतून त्यांच्या पत्नीने तेवढा एकच शब्द उच्चारला, “वेळ.”

त्या माउलीने नेमकी मेख दाखविली. कॉबलरच्या गोळ्यांत अंडे लागत नाही, त्यामुळे त्याचे साहित्य हवे तेवढे कमी करता येते. केकचे एकच अंडे दोघांपुरते अर्धे करताना गृहिणीची जी तारांबळ उडते, ती येथे नाही. परंतु लोणी थंडगार असतानाच बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचे, फळे अगोदर गरम करून घ्यायची म्हणजे गोळ्यांचा तळ कच्चा राहत नाही, ओव्हन १९० अंशांपर्यंत तापू द्यायचा आणि मग लहान भांड्यालाही अर्धा तास द्यायचा, यातले काहीही चौथाई होत नाही. घासायची भांडी तर तितकीच पडतात. खाणारी माणसे कमी झाली म्हणून कष्ट त्या प्रमाणात कमी होत नाहीत. बाजारात गोठवलेला तयार कॉबलर मिळतो, तो गरम केला की झाले. मग दोन माणसांसाठी हा खटाटोप का? गृहस्थांचा प्रश्न असा होता.

सेमिनरीत अधाशीपणाचे पाच प्रकार आम्ही पाठ केले होते. संत ग्रेगरी यांनी ते सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचा ऊहापोह केला. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा सोस धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, हावरेपणाने खाणे, आणि पाचवा प्रकार म्हणजे अन्न फार चोखंदळपणे रांधवून घेणे. या पाचव्या प्रकारावर बोट ठेवून एखादा कडक धर्मगुरू त्या म्हाताऱ्याला दोषी ठरवू शकेल. पण संत थॉमस यांच्या मते दोष अन्नात नसून बेताल वासनेत आहे. म्हणून वासना कोणाची आणि कशाची, हे आधी पाहावे लागते. मी पाहिले ते असे, की लोणी चुरून झाल्यावर ते गृहस्थ भांडे पत्नीच्या पुढ्यात नेत आणि ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी पीठ चाचपून मान हलवी. मान हलेपर्यंत पुढचे काम थांबे. ज्या घरात तिचा शब्द चालत होता, त्या घरात तो अजून चालतो, हे तिला कळण्याची दुसरी कोणती जागा उरली होती?

प्रमाणाविषयी ॲरिस्टॉटलने मायलो पहिलवानाचे उदाहरण दिले आहे. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून सहा माप सर्वांना योग्य ठरत नाही. ते मायलोला अपुरे आणि नवशिक्याला जड होईल. या न्यायाने तेरा इंची थाळा सवयीने भरायचा आणि दुसऱ्या दिवशी निम्मा टाकून द्यायचा, हा दोष झाला असता. लहान भांडे हाच तेथे संयम होता.

अमेरिकेतला हा प्रश्न मला इतका का लागला, याचे कारण आमच्या धर्मग्रामात आहे. वसईत मी घरोघर जातो. दहा-बारा माणसांसाठी बांधलेली घरे, आणि आत दोन माणसे. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात. भिंतीवर नातवंडांचे फोटो, फ्रीजमध्ये कालची आमटी. एकेकाळी सणाला परातभर फुगे तळणारी बाई आज रात्री चहात पाव बुडवून खाते. विचारले तर म्हणते, “फादर, दोघांसाठी काय करायचं?” या वाक्यात आळस नाही. आयुष्यभर जिने पंक्तीसाठी रांधले, तिला दोघे म्हणजे कोणीच नाही असे वाटू लागते. समोर बसलेला नवरा तिच्या मोजणीत येत नाही, आणि ती स्वतः तर कधीच आली नव्हती. नवरेही काही कमी नाहीत. पन्नास वर्षे आयते जेवून “मला काहीही चालतं” असे म्हणणे याला ते साधेपणा समजतात. त्यांच्यापैकी किती जण ८० व्या वर्षी पिठात हात घालतील, हे मी न बोललेलेच बरे.

दुसऱ्याचे कुसळ दाखविण्याआधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळही सांगतो. जुलै महिन्यात धो-धो पाऊस पडत असताना साडेसहाच्या मिस्सेला कधी कधी दोनच आज्या येतात. अशा सकाळी मी प्रवचन गाळीत असे. मेणबत्त्या दोनच, गायन नाही, सगळे कसे लवकर उरकायचे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९०४ वे कलम मला पाठ होते: श्रद्धावंत हजर नसले तरीही मिस्सा ही ख्रिस्ताची आणि ख्रिस्तसभेची कृती असते, म्हणून धर्मगुरूने ती दररोज अर्पण करावी, अशी ते कळकळीने शिफारस करते. कलम पाठ होते; तरीही “दोघींसाठी काय करायचं?” हे वाक्य मी माझ्या पद्धतीने बोलतच होतो. त्या दोघी मात्र चिखल तुडवीत, भिजलेली लुगडी सावरीत वेळेवर आलेल्या असत. त्यांनी आपल्या येण्यात काही गाळले नव्हते.

पवित्र शास्त्रात पिठाची दोन मापे माझ्या मनात शेजारी शेजारी उभी राहतात. एक आहे तीन मापांचे. तीन पाहुण्यांसाठी अब्राहाम साराला तीन मापे पीठ मळायला सांगतो, आणि प्रभू येशूच्या दाखल्यातली स्त्रीही तीन मापे पिठात खमीर लपवते. शंभरेक माणसे जेवतील एवढे ते पीठ. दुसरे माप सारफथच्या विधवेचे: मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, सरपणाला दोन काटक्या. ती आई आणि तिचा मुलगा, दोघांपुरतीच भाकर, आणि तीही शेवटची. एलिया संदेष्टा तिच्याकडे काय मागतो? आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलासाठी. अनेक वर्षे मला ही मागणी कठोर वाटत आली. दोघांचे अन्न, आणि तिसरा मध्येच हात पुढे करतो!

कारण दोघांपुरते मोजून करण्याला एक आक्षेप आहेच, आणि तो मला गंभीर वाटतो. आमच्या आया मुद्दाम जास्त करीत. सणाची ताटली रुमालाखाली झाकून शेजारी जाई, शेतातला वानवळा नातेवाइकांकडे जाई. अवचित आलेला माणूस उपाशी परतत नसे. मोजून रांधणाऱ्या घरात तिसऱ्याला जागा कोठे? श्रीमंत माणसाच्या दाराशी पडलेल्या लाजरसला मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची तरी आशा होती. नेमक्या मापाच्या भांड्यातून तुकडेही पडत नाहीत. माप हे प्रेमाचे असू शकते, तसे ते दार लावून घेण्याचेही असू शकते, आणि बाहेरून दोन्ही भांडी सारखीच दिसतात.

याचे उत्तर मी तर्काने शोधले नाही. त्या दुपारी ते माझ्यापुढे आले, आणि तेव्हा मी ते खाऊन टाकले. मी ख्रिस्तशरीर घेऊन गेलो होतो. ओव्हनमधला कॉबलर दोघांचा होता, माझी मोजणी त्यात नव्हती. गृहस्थांनी भांडे बाहेर काढले, दहा मिनिटे निवू दिले आणि कपाटातून तीन वाट्या काढल्या. मी संकोचलो. पत्नीने डावा हात उचलून माझ्याकडे बोट केले आणि वाढणाऱ्याकडे असे पाहिले, की पहिली वाटी माझ्या हाती आली. उरलेले त्यांनी आपसांत वाटले; तिला थोडे जास्त, त्यांना थोडे कमी. आमच्या परातीतून शेजारी जाणारी ताटली उदार होती यात शंका नाही, पण ती भरल्या परातीतली होती. आईच्या ताटातले त्यामुळे काही घटले नाही. येथे मात्र माझ्या वाटीत त्यांच्या वाट्याचे दोन-तीन घास होते, आणि ते कमी झालेले मला समोर दिसत होते. एलियाची मागणी मला त्या दिवसापासून तितकीशी कठोर वाटत नाही. विधवेजवळ उरलेसुरले काही नव्हते. द्यायचे तर तिला आपल्या वाट्यातलेच द्यावे लागणार होते.

चव कशी होती, हे वाचकांनी विचारू नये. रस किंचित आंबट होता आणि एका गोळ्यात मिठाचा खडा आला.

यंदा जुलैमध्ये दोन आज्यांपुढे मी प्रवचन केले. लहानच, पण तयारी करून. त्यांपैकी एकीने नंतर दारात सांगितले, “फादर, आज घाईत नव्हतात.” म्हणजे इतकी वर्षे तिला कळत होते.

त्या गृहस्थांचे पत्र २०२४ च्या उन्हाळ्यात आले होते. प्रायश्चित्तकाळात पत्नी प्रभूघरी गेली, सातही मुले आली होती, स्वयंपाकघरात तेरा इंची थाळा पुन्हा खाली काढला गेला, असे त्यांनी लिहिले होते. शेवटच्या ओळीत एवढेच, की या वर्षी पीच चांगले आले आहेत. एकट्यासाठी त्यांनी ओव्हन तापवला की नाही, ते पत्रात नव्हते. उत्तर लिहिताना मलाही ते विचारवले नाही.